शीग

बियाणे बँकेची वही संगणकात चढवायची होती.
चौकट एकच शब्द मागत होती : किलो.
वहीत मात्र गटाच्या बायांनी
बावीस वर्षं लिहिलं होतं
कुडो, पायली, अधोली,
आणि एका पानावर नुसतं
'यमूच्या सुनेची ओंजळ, परत आली'.

वीस कुडोंची खंडी, एवढं मला पाठ होतं.
कुडोत पायल्या किती, विचारलं
तर कुणी आठ म्हणे, कुणी दहा.
मुखरू मापारी म्हणाला,
"कोणाच्या खळ्यावर बसून इचारतेस, त्यावर हाय."

त्याची पायली बिज्याच्या लाकडाची,
काठाला पितळी पट्टी, बुडाशी एक चीर
डिंकानं बुजवलेली.
मोजताना तो एक म्हणत नाही, म्हणतो लाभ.
लाभ, दोन, तीन.
संगणकाला लाभ कळत नाही,
मी तिथं १ टाकला आणि
उगाच इकडंतिकडं पाहिलं.

सोसायटीतून इलेक्ट्रिक काटा आणला.
हिरानखीचं धान : नऊशे साठ ग्रॅम.
तीच पायली लाखोळीची : साडेतेराशे.
मोहफुलांची : सातशेही भरेना.
मी तीनदा मोजलं, काट्याला थापट मारली.
मुखरू हसला नाही. म्हणाला,
"पायली मंजे पोकळी व माय,
लाकूड नुसतं कुंपण.
आत कोण राह्यते, ते काट्याले इचार."

म्हणजे प्रत्येक पिकाला वेगळा भागाकार.
लिहिला. रात्री अकरापर्यंत लिहिला.

मग आली सयत्राबाईची नोंद.
'एक कुडो हिरानखी, बहिणीच्या गावाहून उसनं.
फेडलं.'
त्यापुढं दुसऱ्या शाईत :
'फेडलं नाही म्हणते.'
एकोणीस वर्षं झाली
त्या दोघी चुलबंदच्या दोन काठांवर
एकमेकींच्या लग्नकार्याला जात नाहीत.

रविवारी मी डोंग्यातून पल्याड गेले.
तिथली पायली मागितली,
पोटात किंचित फुगीर,
तेच धान ओतलं, वरून पट्टीनं सपाट केलं :
एक हजार चोवीस.
चौसष्ट ग्रॅमचा फरक, पायलीमागं.
दोन्ही काठांवर कुडो आठाचाच निघाला.
आठ चौसष्टे पाचशे बारा.
अर्धा किलो, वर बारा ग्रॅम.
एवढ्या धानात
एकोणीस वर्षं बसली होती.

मी कागदावर मांडून सयत्राबाईला दाखवलं.
ती अंगणात शेणाचा सडा टाकत होती,
हात पुसले, आकड्यांकडं पाहिलं,
जसं कुणाच्या पोराचा फोटो पाहावा.
"मंग मी चोट्टी नोहो."
"नाही, बाई. माप लहान होतं तुमचं."
तिनं माझ्याच फोनवरून नंबर लावायला सांगितला.

पलीकडून बराच वेळ नुसत्या कोंबड्या ऐकू आल्या.
मग बहिणीचा आवाज, कोरडा,
"अर्ध्या किलोची गोष्ट नोहती, बाई.
मी तुले शीग लावून देल्ली होती.
तू काठावरून हात फिरवून आणली."

शीग.
मी दोन्ही पायल्या सपाट मोजल्या होत्या.
काठाच्या वर जे उभं राहतं
आणि हात सैल असेल तरच उभं राहतं,
त्याला माझ्या तक्त्यात रकाना नव्हता.

सयत्राबाईनं फोन दुसऱ्या कानाला धरला.
"वारा होता व त्या दिवशी,"
ती म्हणाली,
"टिकतच नोहती शीग. तीनदा लावली."

पलीकडं कोंबड्या.
मग, "मले सांगतलं काऊन नाही?"

मी तिथून उठले.
बाहेर मुखरू पायलीच्या चिरेत
ताजा डिंक भरत होता.
संध्याकाळी ती ओळ उघडली, किलोच्या चौकटीत
सात पूर्णांक अडुसष्ट शतांश लिहिलं,
जे बरोबर होतं,
आणि जतन करायच्या आधी
कितीतरी वेळ
तशीच बसून राहिले.